हुरड्याच्या राखणीला चोवीस ताटं

ज्वारीत स्टीलची ताटं टांगायची कल्पना अस्मिताची होती. मनोहरकाकांनी पुढे ते कधी बोलून दाखवलं नाही. शैलजाकाकूंनी मात्र येईल त्याला सांगितलं.

अस्मिता नागपूरहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून डॅलसजवळच्या एका युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला आली होती आणि प्लेनोत काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहत होती. काका टेलिकॉममधून रिटायर झालेले. रिटायर होताच त्यांनी उत्तरेला सव्वा तासाच्या ड्राइव्हवर, ओक्लाहोमाच्या हद्दीजवळ, पंधरा एकर जमीन घेतली आणि त्यातल्या अर्ध्या एकरात ज्वारी पेरली. ज्वारी टेक्ससला नवी नाही, पण इथे ती गुरांसाठी पेरतात. काकांना हवा होता हुरडा. दाणा दुधात भरला, जरासा घट्ट होऊ लागला की कणसं तोडायची, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि लसणाच्या चटणीबरोबर गरम गरम खायची. हे दिवस जेमतेम आठ-दहा. आणि नेमक्या याच दिवसांवर रानडुकरंही डोळा ठेवून असतात.

गेल्या ऑक्टोबरात काकांनी साठ माणसांना हुरड्याचं आमंत्रण दिलं होतं. शनिवारी माणसं यायची होती, डुकरं गुरुवारी रात्रीच जेवून गेली. शनिवारी पाहुण्यांनी फ्रोझन मक्याचे दाणे परतून खाल्ले आणि "छान आहे हो, काका" म्हणत घरी गेले. त्या रात्री काकूंनी भांडी आवरता आवरता निकाल दिला होता.

"अजून एक वर्ष. हुरडा माणसांच्या तोंडी लागला तर जमीन राहील. डुकरांच्या तोंडी लागला तर पाटी लावायची आणि विकून मोकळं व्हायचं. तुमची कंबर आणि माझे वीकेंड, दोन्ही सुटतील."

काकांनी मान डोलावली होती. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी दिलेला शब्द फिरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

यंदा आधी पाखरं आली. काळ्या पक्ष्यांचे थवे सकाळपासून कणसांवर बसायचे. अस्मिताने एका रविवारी दहा मिनिटं बसून मोजले, एकशे चाळीस पक्षी उतरले. मग तिने काकूंची मोठी ताटं मागितली. ती मंडळाच्या जेवणावळींसाठी पुण्याहून बॅगांतून थोडी थोडी करून आणलेली, प्रत्येकाच्या काठावर 'सौ. शैलजा' असं नाव घातलेलं.

"भोक पाडायचं नाही हं," काकूंनी बजावलं.

"नाही पाडत. बाइंडर क्लिप लावते."

तिने बांधाच्या खांबांना मासेमारीची दोरी ताणून चोवीस ताटं छातीच्या उंचीवर टांगली. सूर्य सकाळी कुठे असतो, दुपारी कुठे, याचा हिशेब करून जागा ठरवल्या. वाऱ्याने ताटं हलली की शेतभर उन्हाच्या झळाळ्या फिरायच्या. पुढच्या रविवारी तिने पुन्हा दहा मिनिटं मोजली. नऊ पक्षी. काकूंनी तिला त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

आणि मग बुधवारी, हुरड्याला तीन दिवस उरले असताना, ओढ्याच्या काठच्या चिखलात काकांना खुरांचे ठसे दिसले.

*

गुरुवारी अंधार पडल्यावर डेल आला. डेल म्हणजे मैलभर अंतरावरचा शेजारी. सत्तरीचा, उंच, दीडशे गाईंचा मालक. काकांच्या आगटीसाठी लागणाऱ्या गोवऱ्या त्याच्याच गाईंच्या शेणाच्या होत्या. पहिल्यांदा काकांनी शेण मागितलं तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती, आणि नंतर काकूंना त्या थापताना बघायला बायकोलाही घेऊन आला होता. प्लेनोत घरामागे गोवऱ्या वाळत घातल्या असत्या तर कॉलनीच्या असोसिएशनने काय केलं असतं, हा काकांचा आवडता विनोद होता.

डेलने आपला पिकअप ज्वारीच्या दक्षिणेला, कुरणात, दीडशे पावलांवर उभा केला. वारा ज्वारीकडून तोंडावर येत होता. रायफल त्याने टपावर टेकवून ठेवली. तिच्यावर थर्मल स्कोप होता, अंधारात वस्तूंची ऊब दाखवणारा. अस्मिताच्या हातात त्याने दुसरी, छोटी थर्मल दुर्बीण दिली.

"तू यातली डॉक्टर आहेस म्हणे," तो म्हणाला.

"अजून व्हायचेय. आम्ही यातले सेन्सर बनवतो. त्यातून डुकरं कधी पाहिली नाहीत."

"मग आज परीक्षा तुझी."

ती दोघं आणि काका पिकअपच्या मागच्या हौद्यात उभी होती. काकू पुढे केबिनमध्ये गोधडी पांघरून, मांडीवर डबा घेऊन. डब्यात कांदाभजी होती.

"मनो, वारा आपल्याकडे आहे म्हणून बरं," डेल नाक वर करून म्हणाला. "उलटा असता तर या वासाने डुकरं एव्हाना ओक्लाहोमात पोचली असती."

"मग रोज भजीच तळतो ना," काका म्हणाले. "रायफल कशाला?"

"वासाने पळतील आणि चवीने परत येतील."

अस्मिताने दुर्बीण डोळ्याला लावली आणि क्षणभर सगळं विसरली. प्रयोगशाळेत ती हेच चित्र रोज पाहायची, पण तिथे समोर गरम केलेली धातूची पट्टी असे. इथे अख्खं रान होतं. आकाश काळंभोर, कारण निरभ्र रात्री त्याच्याइतकं थंड काही नसतं. झाडांची खोडं करडी, दिवसाची ऊब धरून बसलेली. तळ्याचं पाणी जमिनीपेक्षा उजळ. आणि कुरणाच्या कडेने पांढरी ठिणगी सरकावी तसं काहीतरी चाललेलं.

"ते बघ," डेल म्हणाला. "काय आहे ते सांग. रंगावरून नको, चालीवरून सांग."

"पाय बारीक. सरळ रेषेत चालतोय. शेपूट खाली."

"कायोटी. कोल्ह्याचा भाऊबंद. वासरू असतं तर डोकं खाली-वर झालं असतं. डुक्कर असतं तर पाय दिसलेच नसते, गवतातून ब्रेडचा पाव घरंगळत गेल्यासारखं दिसतं. हा उंदरांवर आलाय. माझी वासरं आता मोठी झालीत, त्याचं-माझं भांडण फेब्रुवारीत, गाई व्यायला लागल्यावर."

केबिनची मागची छोटी खिडकी सरकली. "मला पण बघू दे गं."

अस्मिताने दुर्बीण आत दिली. काकूंनी ती पुढच्या काचेतून ज्वारीकडे रोखली.

"अगं, यात तर मीच दिसतेय. पांढरी फटक, चेटकिणीसारखी."

"काकू, काचेतून नाही दिसणार. या किरणांना काच म्हणजे भिंत. वर थोडी आरशासारखी पण वागते. तुमचीच ऊब परत येतेय."

"एवढी महागाची दुर्बीण नि काचेतून दिसत नाही?" काकूंनी ती परत केली. "माझा चष्मा बरा."

तेवढ्यात डेलने बोट वर केलं. त्याचा डोळा स्कोपला चिकटला होता.

"ज्वारीच्या काठावर," तो पुटपुटला. "एक. दोन. चार. सहा... सात." मग थांबला. "पाच." मग, "आठ. हे काय चाललंय?"

अस्मिताने दुर्बीण वळवली. ज्वारीच्या कडेला पांढरे ठिपके होते, लहान, पिलाएवढे. जागचे हलत नव्हते. पण एकेक ठिपका विझायचा, काळाकुट्ट व्हायचा, आणि पुन्हा पेटायचा. जणू शेताच्या कडेला बसून कोणी डोळे मिचकावत होतं.

"आली?" काकांनी दबल्या आवाजात विचारलं. "मग मार ना!"

"पन्नास वर्षं शिकार करतोय मनो, उघडझाप करणारं डुक्कर पाहिलं नाही. आणि काय आहे ते कळल्याशिवाय मी ट्रिगरला बोट लावत नाही."

अस्मिता ठिपक्यांमधलं अंतर मोजत होती. एकसारखं होतं. आठ-आठ पावलं. आठ पावलांवर काय असतं? आणि मग तिला आठवलं. अंतर तिनेच मोजलं होतं. मघाशी काकूंना काचेबद्दल एवढं ऐकवलं, आणि हे ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काकू, गोधडी द्या. लवकर!"

"थंडी वाजतेय का?"

"नाही, इंजिनला घालायचीय."

काकूंनी आणखी काही न विचारता गोधडी दिली. अस्मिता हौद्यातून उतरून पुढे धावली आणि पिकअपच्या तापलेल्या बॉनेटवर गोधडी पसरली.

"डेल, आता बघा."

डेलने पुन्हा स्कोपला डोळा लावला. मग हौद्यातून त्याचं हसू ऐकू आलं, पोटातून येणारं, दाबून धरलेलं. "विझली. सगळी डुकरं विझली. काय केलंस डॉक?"

"ते आपलंच इंजिन होतं. ताटांत दिसत होतं." तिला बोलताना लाज वाटत होती. "चकचकीत स्टील स्वतःची ऊब फार दाखवत नाही, समोरच्याची दाखवतं. ताट आपल्याकडे झुकलं की आपलं बॉनेट, आभाळाकडे झुकलं की काळं. मी उन्हाचाच विचार केला. रात्रीचा केलाच नाही."

"ताटं," डेल म्हणाला. त्याचं हसू थांबलं होतं. "स्टीलची? किती?"

"चोवीस."

त्याने काडतुसं काढून घेतली आणि रायफल टपावर आडवी ठेवली. "मनो, ऐक. दिसणं सोड. धातूवर आपटलेली गोळी कुठे जाईल ते देवाला माहीत. ती ताटं तिथे आहेत तोवर मी एकही बार काढणार नाही. उतरव, नाहीतर मी घरी जातो."

काका आधीच खाली उतरले होते.

"मी जाते काका, चूक माझी आहे," अस्मिता म्हणाली.

"तू नको," डेल म्हणाला. "तुझी नजर माझ्यापेक्षा तरुण आहे. तू इथून मनोवर लक्ष ठेव."

काकांनी कानात इयरबड घातला, अस्मिताने पुन्हा हौद्यात चढून त्यांना फोन लावला, आणि टॉर्च न लावता ते ज्वारीकडे निघाले. दुर्बिणीत त्यांचा चेहरा आणि हात पांढरेशुभ्र होते, जाकीट करडं. चालताना कंबरेवर हात ठेवायची सवय तेवढ्यावरूनही ओळखू येत होती.

"अहो, ताटं एकावर एक आपटू नका," काकू खिडकीतून फोनकडे तोंड करून म्हणाल्या. "पोचे येतील."

"बरं," फोनमधून काका म्हणाले.

ते पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करून पश्चिमेकडे सरकत होते. अस्मिता मोजत होती. पूर्वेची बाजू मोकळी झाली, दक्षिणेची झाली. एकवीस ताटं उतरली. पश्चिमेच्या खांबांवर शेवटची तीन उरली असताना कायोटी थांबला. त्याने मान ओढ्याकडे वळवली, आणि मग तो होता तिथून सरळ उलट्या दिशेने पळत सुटला.

"डेल," अस्मिता म्हणाली.

ओढ्याच्या झाडीतून ती आली. ब्रेडचे पाव म्हटलं होतं ते अगदी खरं होतं. पुढे एक मोठी मादी, मागे मध्यम, मध्ये पिलांची लगबग. यांची उघडझाप होत नव्हती. अस्मिताने दोनदा मोजली. अकरा. ती पूर्वेच्या कोपऱ्यातून ज्वारीत शिरली आणि दीडशे पावलांवरून पहिलं धाट मोडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग मोजता येणार नाहीत इतकी.

"काकू, आली," ती एवढंच म्हणाली. काकूंनी डबा घट्ट धरला.

"किती?" फोनमधून काकांचा आवाज.

"अकरा. पूर्वेच्या कोपऱ्यात. तुम्ही पश्चिमेला आहात, मध्ये अख्खं शेत आहे. हलू नका."

"अगं, खातायत ना! अर्ध्या तासात काही उरणार नाही. मी तिकडून येऊन हाकलतो."

"तिकडून नको!" तिचा आवाज चढला. "तिकडे गेलात तर डेलच्या समोर याल. काका, प्लीज. तिथेच उभे राहा."

डेल शांतपणे समोरचा अंदाज घेत होता. डुकरं आली त्याच वाटेने परत पळणार होती. कोपरा आणि ओढा यांच्यामध्ये पन्नास पावलांचं मोकळं कुरण, आणि त्याच्या मागे तळ्याचा उंच मातीचा बांध. गोळी चुकली तरी मातीत जाणार, आणि उरलेली तीन ताटं पार दुसऱ्या टोकाला होती.

"ती उघड्यावर यायला हवीत," तो म्हणाला. "मनोला सांग, आहे तिथूनच आवाज कर. एक पाऊल न हलता."

"काका, तिथूनच वाजवा. ताटं वाजवा!"

"शैलजा रागावेल," काका म्हणाले.

काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून फोनच ओढून घेतला. "वाजवा हो! बडवा! पोचे आले तर येऊ देत!"

आणि काकांनी दोन ताटं एकमेकांवर हाणली. अस्मिताला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला, आधी फोनमधून आणि मग, निमिषभराने, शेतावरून. काकांना आयुष्यात एकच ठेका येत होता, गणपतीच्या आरतीचा. तोच ते वाजवत होते. आधी संथ, मग आरती संपत आल्यावर चढतो तसा चढत.

"डॉक," डेलने रायफल हातात घेतली होती, पण काडतुसं अजून मुठीत होती. "मनो कुठे आहे? मोठ्याने सांग."

"पश्चिमेला. शेवटच्या खांबाशी. उभे आहेत."

"डुकरांकडे बघू नकोस. त्याच्याकडे बघ. पाऊल हललं तर 'थांब' म्हण. तेवढंच तुझं काम."

अस्मिताला सगळ्या जगात त्या क्षणी डुकरंच पाहायची होती. ती काकांकडे बघत राहिली. पांढरे हात वर-खाली होत होते, पाय जागच्या जागी रोवलेले. ज्वारीतून काहीतरी धडधडत गेलेलं तिने फक्त ऐकलं. काडतुसं आत सरकल्याचा आवाज. मग एक बार. चार सेकंदांनी दुसरा.

"झालं," डेल म्हणाला आणि रायफल पुन्हा रिकामी केली. "आता बघ."

मोकळ्या कुरणात दोन पांढरे आकार पडले होते, एक मोठा, एक मध्यम. बाकीचे ओढ्यापलीकडे पसार झाले होते. अस्मिता बराच वेळ पाहत राहिली. मोठा आकार अजून उजळ होता, पण कानांच्या टोकांपासून तो करडा व्हायला लागला होता. शरीर कसं निवत जातं याचं समीकरण तिला पाठ होतं. तिने दुर्बीण खाली घेतली.

"वाईट वाटलं?" डेलने विचारलं.

"थोडं."

"वाटायलाच हवं. न वाटणाऱ्याबरोबर मी शिकारीला जात नाही." तो खाली उतरला. "म्होरकी गेली. एक-दोन आठवडे तरी इकडे फिरकायची नाहीत. त्यापुढचं मी सांगत नाही. मांस चर्चमधल्या दोन कुटुंबांना जाईल."

काका परत आले तेव्हा घामाने डबडबले होते. काकूंनी आधी त्यांचं मनगट धरून पाहिलं, मग कपाळ, आणि मग ताटं मोजली. चोवीस होती. दोन ताटांच्या कडा पानाच्या द्रोणासारख्या वळल्या होत्या.

"गेली किती?" त्यांनी विचारलं. म्हणजे ज्वारी.

काकांनी टॉर्च लावून पाहून आल्याचं सांगितलं. "आपल्या प्लेनोच्या किचनएवढी."

"मग बरीच उरली," काकू म्हणाल्या आणि डबा उघडला. भजी गार झाली होती. डेलने सहा खाल्ली.

*

शनिवारी चौसष्ट माणसं आली. काकांनी चार आगट्या पेटवल्या होत्या. धूर कुरणावरून लांब पट्ट्यासारखा वाहत होता. अस्मिता एका आगटीशी कणसं फिरवायला बसली होती. किती वेळ ठेवलं की दाणा फुटत नाही आणि कच्चाही राहत नाही, हे तिने पहिल्या सात कणसांत ठरवून टाकलं आणि मग घड्याळ बघणं सोडून दिलं. काकू शेजारी बसून गरम कणीस सुपलीत चोळत होत्या. हिरवे, मऊ, वाफाळते दाणे ताटांत पडत होते. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं ओळीने मांडलं होतं.

डेल बायकोसह आला. काकूंनी त्याला मुद्दाम वाकडं ताट दिलं.

"हे तुझं. कायमचं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "यावर माझं नाव आहे, तेव्हा पुढच्या वर्षी परत घेऊन ये. घरून."

डेलने हुरडा चमचाभर घेतला, चावला, थांबला, आणि मग चमचा ठेवून हाताने खायला लागला. "मनो, एवढी वर्षं आम्ही हे गाईंना घालत होतो," तो म्हणाला. "गाईंनी कधी सांगितलं नाही."

काका हसले, पण त्यांचं अर्धं लक्ष काकूंकडे होतं. 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांनी ऐकले होते आणि विचारायची हिंमत होत नव्हती. अस्मिताने ते पाहिलं आणि खाली मान घालून कणीस फिरवत राहिली.

शेवटी काकूच सुपली झटकत म्हणाल्या, "अहो, पुढच्या खेपेला पंधरा दिवस आधी पेरा. मग दिवाळीच्या गडबडीत सापडणार नाही. आणि त्या दक्षिणेच्या पट्ट्यात वांगी लावा. हुरड्याबरोबर भरीत नाही म्हणजे काय जेवण."

"लावतो," काका म्हणाले.

"आणि तू गं," काकू अस्मिताकडे वळल्या, "पाखरांसाठी दुसरं काहीतरी शोध. माझी ताटं नाही मिळणार."

"मिळतील काकू," अस्मिता म्हणाली. "फक्त संध्याकाळी उतरवायची. मी वेळापत्रक करते."

काकूंनी तिच्या तळहातावर गरम दाण्यांची मूठ ठेवली. भाजतंय म्हणून तिने ती या हातातून त्या हातात खेळवली, फुंकर घातली आणि तोंडात टाकली.